अमेरिकी प्रजासत्ताकाची पहिली पन्नास वर्षं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आपल्याकडे अमेरिकेचा इतिहास दोन उड्यांमध्ये शिकवला जातो. एक उडी वॉशिंग्टन आणि स्वातंत्र्ययुद्धाची, दुसरी थेट लिंकन आणि यादवी युद्धाची. मधली पन्नास वर्षं निसटून जातात, आणि यादवी युद्ध का झालं याचं उत्तर नेमकं त्याच वर्षांत आहे. या काळात सामान्य गोऱ्या पुरुषाला मत, जमीन आणि मान मिळत गेला. त्याच वर्षांत, कित्येकदा त्याच कायद्याच्या पुढच्या ओळीत, स्त्रियांकडून, कृष्णवर्णीयांकडून आणि मूळ रहिवाशांकडून जे थोडंफार होतं तेही काढून घेतलं गेलं. या दोन कहाण्या वेगळ्या काढता येत नाहीत असं माझं ठाम मत आहे, आणि खालची उत्तरं त्याच दृष्टीने लिहिली आहेत.

हा काळ नेमका कधीपासून कधीपर्यंत धरायचा?

ढोबळमानाने १७८३ च्या पॅरिस तहापासून १८३० च्या दशकापर्यंत. लोकसंख्येवरून बदलाचा वेग कळतो. १७९० च्या पहिल्या जनगणनेत देशात ३९ लाख माणसं होती, त्यांपैकी जवळपास ७ लाख गुलाम. १८३० मध्ये आकडा १ कोटी २९ लाखांच्या आसपास पोचला आणि गुलाम २० लाखांवर गेले. मूळ रहिवाशांच्या टोळ्या आणि राष्ट्रं या मोजणीत धरलेलीच नव्हती.

स्वातंत्र्य १७८३ मध्ये मान्य झालं, मग राज्यघटनेला १७८७ का उजाडलं?

कारण आधी वेगळीच व्यवस्था होती. १७८१ पासून लागू असलेल्या 'आर्टिकल्स ऑफ कॉन्फेडरेशन'नुसार तेरा राज्यं जवळजवळ स्वतंत्र होती आणि मध्यवर्ती काँग्रेसला (राष्ट्रीय संसदेला) कर बसवण्याचा अधिकारच नव्हता. तिने राज्यांकडे पैसे मागायचे आणि राज्यांनी द्यायचे किंवा टाळायचे. युद्धाचं कर्ज डोक्यावर, सैनिकांचा पगार थकलेला आणि तिजोरी रिकामी, अशी अवस्था होती.

ठिणगी पडली ती पश्चिम मॅसॅच्युसेट्सच्या शेतकऱ्यांमध्ये. युद्धात लढून आलेल्या सैनिकांना पगाराऐवजी कागद, म्हणजे पुढे पैसे देण्याचे वचन देणारे सरकारी रोखे, मिळाले होते. घर चालवायचं म्हणून त्यांनी ते कागद मिळेल त्या किमतीला व्यापाऱ्यांना विकले. पुढे त्याच राज्य सरकारने कर्जरोखेधारकांची देणी फेडण्यासाठी जबर कर बसवले आणि ते नाण्यांतच भरा असा आग्रह धरला. गावाकडे नाणं होतं कुठे? शेतकरी कोर्टात खेचले जाऊ लागले, जनावरं आणि जमिनी जप्त होऊ लागल्या, कर्जापायी माणसं तुरुंगात जाऊ लागली. ऑगस्ट १७८६ मध्ये नॉर्दॅम्प्टनच्या कोर्टासमोर शेकडो लोक जमले आणि त्यांनी कामकाज होऊ दिलं नाही. कोर्ट बसलं नाही तर जप्तीचा हुकूम निघणार नाही, इतका साधा हिशेब होता. डॅनियल शेज हा युद्धातला कॅप्टन या उठावाचं एक नाव बनला. २५ जानेवारी १७८७ रोजी स्प्रिंगफील्डच्या शस्त्रागारावर चाल करून गेलेल्या जमावावर तोफ डागली गेली, चार जण मेले आणि उठाव विस्कटला. तो मोडायला जे सैन्य उभं केलं त्याचा खर्च बॉस्टनच्या धनिकांनी वर्गणी काढून भागवला, कारण सरकारकडे तेवढेही पैसे नव्हते.

चार महिन्यांनी फिलाडेल्फियात घटनेसाठी ५५ प्रतिनिधी जमले, तेव्हा त्यांच्यातल्या बहुतेकांच्या मनात ही घटना ताजी होती. भक्कम मध्यवर्ती सरकार हवं, त्याला कर बसवता यावा आणि सैन्य ठेवता यावं, या मागणीमागे शेतकऱ्यांच्या त्या उठावाची भीती मोठी होती. १७ सप्टेंबर १७८७ रोजी ३९ जणांनी मसुद्यावर सह्या केल्या. नागरिकांच्या हक्कांची दहा कलमं मात्र लोकांच्या दबावामुळे मागाहून, १७९१ मध्ये जोडली गेली.

घटनेत गुलामगिरीबद्दल काय लिहिलं होतं?

'गुलाम' हा शब्द मूळ घटनेत एकदाही नाही. 'इतर व्यक्ती', 'कामाला बांधलेली व्यक्ती' असे शब्द वापरून तीन तरतुदी केल्या होत्या. पहिली, लोकसभेतल्या (संसदेच्या कनिष्ठ सभागृहातल्या) जागा ठरवताना पाच गुलाम म्हणजे तीन माणसं असं मोजायचं. दुसरी, आफ्रिकेतून गुलाम आणण्यावर १८०८ पर्यंत बंदी घालायची नाही. तिसरी, पळालेला गुलाम दुसऱ्या राज्यात सापडला तर मालकाला परत द्यायचा.

पाचास-तीनची तरतूद नीट समजून घ्या, कारण तिचा अर्थ नेहमी उलटा लावला जातो. गुलामाला तीन-पंचमांश मत मिळालं असं काही जणांना वाटतं. मत शून्य होतं. त्याच्या डोक्याच्या आधारे त्याच्या मालकाच्या राज्याला जास्त जागा आणि राष्ट्राध्यक्षाच्या निवडणुकीत जास्त इलेक्टर (राष्ट्राध्यक्ष निवडणारे राज्यांचे प्रतिनिधी) मिळाले. १८०० च्या निवडणुकीत जेफरसन ७३ विरुद्ध ६५ मतांनी जॉन ॲडम्सच्या पुढे गेले. गुलामांमुळे मिळालेले इलेक्टर वजा केले तर ॲडम्स पुढे राहिले असते, असं अनेक इतिहासकारांनी हिशेब मांडून दाखवलं आहे.

हॅमिल्टनच्या आर्थिक योजनेवर एवढा वाद का झाला?

अलेक्झांडर हॅमिल्टन पहिले अर्थमंत्री. जानेवारी १७९० मध्ये त्यांनी काँग्रेसपुढे मांडलेला विचार थोडक्यात असा: देशाचं जुनं कर्ज पूर्ण दर्शनी किमतीला मान्य करा, राज्यांची युद्धकर्जंही मध्यवर्ती सरकारच्या अंगावर घ्या, त्या बदल्यात नवे रोखे काढा आणि आयात शुल्कातून व्याज भरा. श्रीमंत माणसाचा पैसा सरकारात अडकला की सरकार टिकावं अशी इच्छा त्यालाच होईल, हे त्यामागचं गणित.

अडचण अशी की, मूळ रोखे आता सैनिकांकडे राहिलेच नव्हते. ते पडत्या भावात विकत घेणाऱ्या सट्टेबाजांकडे पोचले होते. काँग्रेसमध्ये योजना येणार अशी कुणकुण लागताच काही जणांनी दक्षिणेकडे माणसं पाठवून उरलेसुरले कागदही गोळा केले. जेम्स मॅडिसन यांनी मूळ धारकालाही काही वाटा द्या असा प्रस्ताव आणला, तो मोठ्या फरकाने फेटाळला गेला. ज्यांनी रक्त सांडलं त्यांना काहीच नाही आणि ज्यांनी त्यांचे कागद स्वस्तात उचलले त्यांना पूर्ण रक्कम, ही गोष्ट माझ्या दृष्टीने नव्या सरकारच्या पहिल्याच मोठ्या निर्णयावरचा डाग आहे. तरी योजना चालली, हेही सांगायला हवं. अमेरिकेची पत युरोपात सुधारली, भांडवल आलं, आणि १७९१ मध्ये एक कोटी डॉलर भांडवलाची राष्ट्रीय बँक उभी राहिली. राज्यांची कर्जं घेण्याला दक्षिणेची मतं मिळावीत म्हणून राजधानी पोटोमॅक नदीकाठी हलवण्याचं ठरलं. वॉशिंग्टन शहर तिथे आहे ते या सौद्यामुळे.

दारूवरच्या करासाठी लोक बंड करतील?

पश्चिम पेनसिल्व्हेनियातल्या शेतकऱ्यासाठी व्हिस्की म्हणजे चैन नव्हती. डोंगर ओलांडून मका-राय बाजारात न्यायचं म्हटलं तर वाहतुकीतच सगळं जायचं. धान्याची दारू गाळली की तोच माल कमी वजनात आणि जास्त किमतीत जायचा, आणि गावात पैशाऐवजी व्हिस्कीच चालायची. १७९१ च्या अबकारी कराने नेमका त्यावर हात पडला. १७९४ मध्ये कर वसूल करणाऱ्या अधिकाऱ्याचं घर जाळलं गेलं. वॉशिंग्टन यांनी जवळपास १३ हजारांचं मिलिशिया (नागरिकांतून उभं केलेलं) सैन्य गोळा केलं आणि काही वाट स्वतः बरोबर गेले. सैन्य पोचेपर्यंत बंडवाले पांगले होते. दोघांना राजद्रोहाची शिक्षा झाली, दोघांनाही माफी मिळाली.

राजकीय पक्ष कसे तयार झाले?

घटना लिहिणाऱ्यांना पक्ष नको होते. पण बँक, कर्ज, आणि फ्रान्स की इंग्लंड या प्रश्नांवर दोन तट पडलेच: हॅमिल्टन-ॲडम्स यांचे फेडरलिस्ट, आणि जेफरसन-मॅडिसन यांचे रिपब्लिकन. (आजच्या रिपब्लिकन पक्षाशी त्याचा थेट संबंध नाही, तो १८५४ चा.) वर्तमानपत्रांनी हे तट गावोगाव पोचवले. १७९२ च्या टपाल कायद्याने पत्राला ६ ते २५ सेंट दर ठेवला आणि वर्तमानपत्राला फक्त एक ते दीड सेंट. १७९० मध्ये देशात ७५ टपाल कचेऱ्या होत्या, १८३० मध्ये आठ हजारांहून जास्त. सरकारने बातमीला दिलेली ही सवलत लोकशाही रुजण्यामागचं फार मोठं कारण आहे, आणि तिचं श्रेय कुणी देत नाही.

१७९८ मध्ये ॲडम्स सरकारने सरकारवर टीका करणं गुन्हा ठरवणारा कायदा केला. व्हरमाँटचे खासदार मॅथ्यू लायन यांना चार महिने तुरुंग आणि हजार डॉलर दंड झाला. मतदारांनी त्यांना तुरुंगात असतानाच पुन्हा निवडून दिलं. १८०१ मध्ये सत्ता एका पक्षाकडून दुसऱ्याकडे गोळी न झाडता गेली. तेव्हाच्या जगात ही साधी गोष्ट नव्हती.

लुईझियाना खरेदी म्हणजे काय?

१८०३ मध्ये अमेरिकेने फ्रान्सकडून मिसिसिपी नदीपलीकडचा प्रचंड प्रदेश दीड कोटी डॉलरना घेतला. क्षेत्रफळ सुमारे २१ लाख चौरस किलोमीटर, म्हणजे आजच्या महाराष्ट्राच्या जवळजवळ सातपट. देशाचा आकार एका सहीने दुप्पट झाला.

नेपोलियनने तो विकला यामागे हैतीचे गुलाम आहेत. सेंट-डोमिंग (आजचं हैती) या फ्रेंच साखर-वसाहतीत गुलामांनी १७९१ पासून उठाव केला होता. तो मोडायला पाठवलेलं फ्रेंच सैन्य लढाई आणि पीतज्वर यांत संपलं. साखरेची वसाहतच हातची गेल्यावर तिला धान्य पुरवणारी लुईझियाना नेपोलियनला नकोशी झाली. हैतीच्या गुलामांनी स्वातंत्र्य मिळवलं आणि त्यातून अमेरिकेच्या हाती जो प्रदेश आला, त्याच्या दक्षिण भागात गुलामांच्या हातचे ऊस आणि कापसाचे मळे पसरले. शिवाय फ्रान्सने विकला तो हक्क कागदावरचा होता. त्या जमिनीवर ओसेज, सू आणि इतर कित्येक राष्ट्रं राहत होती, त्यांना कोणी विचारलं नाही.

उत्तरेत तर गुलामगिरी नव्हती ना?

होती, आणि ती हळूहळू गेली. पेनसिल्व्हेनियाने १७८० मध्ये क्रमाक्रमाने मुक्तीचा कायदा केला. न्यूयॉर्कने १७९९ मध्ये तसाच कायदा केला, पण तिथली गुलामगिरी पूर्णपणे संपायला ४ जुलै १८२७ उजाडला. बहुतेक ठिकाणी आधीच गुलाम असलेल्यांना काहीच मिळालं नाही. कायद्यानंतर जन्मलेली मुलं मोठी होईपर्यंत मालकाकडे राबल्यावर सुटायची.

ओना जज या मुलीचं उदाहरण बघा. ती राष्ट्राध्यक्ष वॉशिंग्टन यांच्या पत्नी मार्था यांची खास दासी होती. राजधानी फिलाडेल्फियात असताना राष्ट्राध्यक्षांच्या घरात ती त्यांचे कपडे, केस, शिवणकाम सांभाळायची. पेनसिल्व्हेनियाच्या कायद्यानुसार बाहेरून आलेल्या मालकाचा गुलाम तिथे सलग सहा महिने राहिला तर मुक्त होण्याचा दावा करू शकत असे. म्हणून वॉशिंग्टन आपल्या गुलामांना मुदत भरण्याआधी राज्याबाहेर पाठवून परत आणत. आपल्याला मार्थाबाईंच्या नातीला लग्नात देऊन टाकणार आहेत हे ओनाला कळलं. मे १७९६ मध्ये, घरचे जेवायला बसले असताना ती बाहेर पडली आणि जहाजाने न्यू हॅम्पशायरच्या पोर्ट्‌समथला गेली. तिला शोधून देणाऱ्याला दहा डॉलर अशी जाहिरात फिलाडेल्फियाच्या वर्तमानपत्रात आली. वॉशिंग्टन यांनी तिला परत आणण्याचे प्रयत्न पुढे अनेकदा केले, ती परतली नाही. तिथे तिने लग्न केलं, संसार केला, वाचायला शिकली. १८४८ मध्ये वारली तेव्हाही कायद्याच्या लेखी ती गुलामच होती.

१८०८ मध्ये गुलामांची आयात बंद झाली. मग गुलामगिरी वाढली कशी?

कापसामुळे. अमेरिकेच्या आतल्या भागात येणारा आखूड धाग्याचा कापूस सरकीला घट्ट चिकटलेला असतो. हाताने साफ करायचा तर एका माणसाच्या दिवसाला जेमतेम एक पौंड रुई निघायची. एली व्हिटनी यांनी १७९३ मध्ये केलेल्या जिनने पन्नास पौंड निघू लागली. विदर्भ-खानदेशातल्या वाचकांना जिनिंगमधली ही प्रक्रिया वेगळी सांगायला नको. पण जिनने फक्त सरकी वेगळी केली. लावणी, निंदणी आणि वेचणी हातानेच व्हायची. साफ करण्यातली अडचण सुटली तसा वेचणाऱ्या हातांना भाव आला. १७९० मध्ये देशात तीनएक हजार गाठी कापूस होता, १८३० मध्ये सात लाखांच्या पुढे. बहुतेक माल इंग्लंडमधल्या लँकेशायरच्या गिरण्यांना जायचा.

समुद्रापलीकडून गुलाम आणणं बंद झालं, तेव्हा देशाच्या आतला व्यापार फोफावला. व्हर्जिनिया, मेरीलँडमध्ये तंबाखूने जमिनी थकल्या होत्या. तिथले मालक माणसं विकू लागले आणि अलाबामा, मिसिसिपी, लुईझियानातले मळेवाले विकत घेऊ लागले. १७९० ते १८६० या काळात सुमारे दहा लाख माणसं अशी दक्षिण-पश्चिमेला नेली गेली, काही मालकाबरोबर आणि पुष्कळ बाजारात विकली जाऊन. पुरुषांना जोडीजोडीने साखळदंडात बांधून आठवडेच्या आठवडे चालवत न्यायचे. गुलामांच्या लग्नाला कायद्यात स्थान नव्हतं, त्यामुळे नवरा एकीकडे आणि बायको-मुलं दुसरीकडे विकायला आडकाठी नव्हती. गुलामगिरी आपोआप मरेल अशी १७८७ मधल्या कित्येक नेत्यांची समजूत होती. कापसाने ती खोटी ठरवली आणि नेत्यांनी ती खोटी ठरू दिली.

नव्या राज्यांत गुलामगिरी असावी की नसावी यावर १८२० मध्ये मिसुरीची तडजोड झाली. मिसुरी गुलाम राज्य, मेन मुक्त राज्य, आणि लुईझियाना खरेदीच्या उरलेल्या प्रदेशात ३६ अंश ३० मिनिटे अक्षांशाच्या उत्तरेला बंदी. भांडण मिटलं नाही, तीस-चाळीस वर्षं पुढे ढकललं गेलं.

त्या काळी स्त्रिया मतदान करत होत्या हे खरं आहे का?

एका राज्यात, हो. न्यू जर्सीच्या १७७६ च्या घटनेत पन्नास पौंडांची मालमत्ता असलेल्या 'सर्व रहिवाशांना' मत दिलं होतं. लग्न झालेल्या बाईची मालमत्ता कायद्याने नवऱ्याची व्हायची, म्हणून प्रत्यक्षात विधवा आणि अविवाहित स्त्रियांनाच हा हक्क होता. मालमत्ता असलेल्या मुक्त कृष्णवर्णीय पुरुषांनाही होता. १७९७ च्या निवडणूक कायद्यात मतदारासाठी 'तो किंवा ती' असं लिहिलेलं आहे, म्हणजे हे नजरचुकीने झालेलं नव्हतं.

१८०७ मध्ये एसेक्स परगण्याचं नवं कोर्ट नेवार्कमध्ये बांधायचं की एलिझाबेथटाउनमध्ये यावर मतदान झालं. दोन्ही गावांनी इतकी बोगस मतं टाकली की मोजणीत पात्र मतदारांपेक्षा मतंच जास्त निघाली. खापर फोडलं गेलं स्त्रियांवर आणि कृष्णवर्णीयांवर. त्याच वर्षी विधिमंडळाने कायदा केला: मत फक्त कर भरणाऱ्या गोऱ्या पुरुष नागरिकाचं. पन्नास पौंडांची अट त्याच कायद्याने सैल झाली. गरीब गोऱ्याला मत मिळालं आणि मालमत्ता असलेल्या विधवेचं गेलं, दोन्ही एकाच दमात. हा काळ समजून घ्यायला मला यापेक्षा चांगलं उदाहरण सापडलेलं नाही.

मग सर्व पुरुषांना मत कधी मिळालं?

सर्व गोऱ्या पुरुषांना, असं म्हणा. १८१० ते १८३० च्या दरम्यान एकेका राज्याने मालमत्तेची अट काढली. न्यूयॉर्कने १८२१ च्या नव्या घटनेत गोऱ्यांसाठी ती काढली आणि कृष्णवर्णीयांसाठी २५० डॉलरच्या जमिनीची अट घातली. पेनसिल्व्हेनियाने १८३८ मध्ये कृष्णवर्णीयांचं मत सरळ काढून घेतलं, तिथे अनेक ठिकाणी ते आधी मत देत होते.

राष्ट्राध्यक्षाचे इलेक्टर निवडण्याचं कामही विधिमंडळांकडून मतदारांकडे आलं. १८२४ मध्ये साडेतीन लाखांच्या आसपास मतं पडली. अँड्र्यू जॅक्सन यांना सगळ्यात जास्त मतं होती, पण बहुमत कुणालाच नसल्याने लोकसभेने जॉन क्विन्सी ॲडम्स यांना निवडलं. १८२८ मध्ये साडेअकरा लाखांच्या घरात लोकांनी मत दिलं आणि जॅक्सन मोठ्या फरकाने आले. मिरवणुका, सभा, पक्षाच्या कमिट्या-कार्यालयं, जिंकल्यावर आपल्या माणसांना सरकारी नोकऱ्या, ही निवडणुकीची ओळखीची तऱ्हा तेव्हा घडली.

पहिली मोठी मंदी कधी आली?

१८१९ मध्ये. कापसाचे भाव कोसळले, उधारीवर घेतलेल्या सरकारी जमिनींचे हप्ते थकले, बँकांनी कर्जं परत मागितली. त्यानंतर काँग्रेसने जमीन रोखीनेच विकायला सुरुवात केली, पण तुकडा ८० एकरांचा आणि भाव एकरी सव्वा डॉलर केला. शंभर डॉलर साठवले की शेत घेता येऊ लागलं. बँकांबद्दलची चीड मात्र राहिली, आणि जॅक्सन यांनी १८३२ मध्ये तेव्हाच्या (दुसऱ्या) राष्ट्रीय बँकेच्या सनदेची मुदतवाढ नाकारली तेव्हा तिचा त्यांना उपयोग झाला.

एरी कालव्याने काय बदललं?

न्यूयॉर्क राज्याने १८१७ ते १८२५ मध्ये ऑल्बनी ते बफेलो ३६३ मैलांचा कालवा खणला. खर्च सुमारे ७० लाख डॉलर, ८३ लॉक (पाण्याची पातळी बदलून बोटी वर-खाली नेणारे दरवाजे). बफेलोहून न्यूयॉर्कला टनामागे शंभर डॉलर पडायचे ते दहाच्या आसपास आले. ओहायोचा गहू न्यूयॉर्क बंदरात येऊ लागला आणि ते शहर फिलाडेल्फिया-बॉस्टनला मागे टाकून गेलं. खणण्याच्या कामात आयरिश मजूर पुष्कळ होते, दलदलीच्या पट्ट्यात तापाने कित्येक मेले.

गिरण्यांमध्ये कोण काम करायचं?

मॅसॅच्युसेट्समधल्या लोवेल गावात मुख्यतः शेतकऱ्यांच्या मुली. मेरिमॅक नदीच्या धबधब्यावर गिरण्या चालत. मुली कंपनीच्या वसतिगृहात राहत, पहाटे घंटेला उठत, बारा-बारा तासांहून जास्त मागावर उभ्या असत. रात्री दहाला दार बंद. पण पगार रोख आणि स्वतःच्या हातात यायचा. भावाच्या शिक्षणाला, बापाच्या कर्जाला, स्वतःच्या लग्नाला त्या पैसे साठवत. बाईच्या हाती स्वतःच्या कमाईचे पैसे असणं हा न्यू इंग्लंडच्या गावांत नवा अनुभव होता.

फेब्रुवारी १८३४ मध्ये मालकांनी पगार कापायचं ठरवलं तेव्हा शेकडो मुलींनी काम टाकून गावातून मोर्चा काढला. आम्ही स्वतंत्र माणसांच्या लेकी आहोत, आमचे पूर्वज याच स्वातंत्र्यासाठी लढले, असं त्यांनी जाहीर केलं. तो संप काही दिवसांत मोडला. १८३६ मध्ये वसतिगृहाचे दर वाढवले तेव्हाचा जास्त मोठा होता आणि त्याने काही प्रमाणात यशही मिळवलं. त्यांच्या मागावर येणारा कापूस दक्षिणेतल्या गुलामांनी वेचलेला असायचा, आणि न्यू इंग्लंडच्या काही गिरण्या गुलामांच्या अंगासाठीचं जाडंभरडं कापड विणून पुन्हा दक्षिणेला विकायच्या.

चेरोकी लोक सुप्रीम कोर्टात जिंकले, तरी हाकलले गेले. असं कसं?

चेरोकी हे जॉर्जियाच्या भागातलं मूळ रहिवाशांचं एक राष्ट्र. त्यांनी गोऱ्या सरकारने सांगितलेलं जवळपास सगळं केलं होतं. नांगर धरला, सूत काढलं, घरं बांधली. सिक्वोया यांनी १८२१ च्या सुमारास त्यांच्या भाषेसाठी अक्षरमाला तयार केली आणि थोड्याच वर्षांत हजारो लोक वाचू लागले. १८२७ मध्ये लेखी घटना, १८२८ मध्ये न्यू एकोटाहून स्वतःचं दोन भाषांतलं वर्तमानपत्र. काही श्रीमंत चेरोकींकडे गुलामही होते, तेही इथे नोंदवायला हवं.

जॉर्जिया राज्याला त्यांची जमीन हवी होती, कापसासाठी, आणि १८२९ मध्ये तिथे सोनं सापडल्यावर आणखीच. मूळ रहिवाशांना मिसिसिपीच्या पश्चिमेला हलवण्याचा १८३० चा स्थलांतर कायदा लोकसभेत १०२ विरुद्ध ९७ असा जेमतेम संमत झाला. म्हणजे अमेरिकेत त्याला विरोध करणारे खूप होते, आणि त्यांत अनेक स्त्रियांनी पाठवलेले अर्जही होते. जॉर्जियाचा परवाना न घेता चेरोकींमध्ये राहिल्याबद्दल सॅम्युअल वूस्टर या मिशनऱ्याला चार वर्षं सक्तमजुरी झाली. मार्च १८३२ मध्ये सरन्यायाधीश जॉन मार्शल यांनी निकाल दिला की चेरोकी राष्ट्राच्या हद्दीत जॉर्जियाचा कायदा चालत नाही. जॉर्जियाने तो मानला नाही, जॅक्सन सरकारने मानायला लावला नाही. १८३५ मध्ये चेरोकींच्या एका लहान गटाकडून तहावर सह्या घेतल्या गेल्या. राष्ट्राच्या निवडून आलेल्या सरकारचा त्याला विरोध होता. १८३८ मध्ये सैनिकांनी कुटुंबं घरांतून काढून छावण्यांत कोंडली. सुमारे १६ हजारांपैकी अंदाजे चार हजार छावण्यांत आणि वाटेवर मेले.

या सगळ्याचा महाराष्ट्राशी काही संबंध आहे का?

आहे, आणि वूस्टरपासूनच सांगता येतो. त्यांना पाठवणारी मिशनरी संस्था होती 'अमेरिकन बोर्ड', १८१० मध्ये धर्मजागृतीच्या लाटेत न्यू इंग्लंडमध्ये स्थापन झालेली. याच संस्थेचे गॉर्डन हॉल आणि सॅम्युअल नॉट फेब्रुवारी १८१३ मध्ये मुंबईत उतरले. तेव्हा अमेरिका आणि इंग्लंडचं युद्ध सुरू होतं, ईस्ट इंडिया कंपनीने कलकत्त्यातून त्यांना निघून जायला सांगितलं होतं आणि मुंबईतही परत पाठवण्याची तयारी केली होती. ते कसेबसे टिकले. त्यांनी मराठी शिकून शाळा काढल्या, छापखाना घातला. हॉल १८२६ मध्ये नाशिकच्या बाजूला फिरतीवर असताना पटकीने वारले.

१८२७ मध्ये सिंथिया फरार मुंबईत आल्या, लग्न न झालेल्या आणि एकट्या पाठवलेल्या. मुलींना शिकवणं हेच त्यांचं काम, आधी मुंबईत आणि मग अहमदनगरला. जोतीराव फुल्यांनी त्यांची नगरची शाळा पाहिली होती, आणि त्यानंतर पुण्यात मुलींची शाळा काढली. फुल्यांवर टॉमस पेनच्या विचारांचाही प्रभाव होता, तोच पेन ज्याच्या १७७६ च्या पुस्तिकेने अमेरिकनांना राजा झुगारायला तयार केलं. १८७३ मध्ये फुल्यांनी 'गुलामगिरी' हे पुस्तक अमेरिकेतल्या ज्या सज्जनांनी गुलामांच्या मुक्तीसाठी झीज सोसली त्यांना अर्पण केलं, आणि आपल्या देशबांधवांनी शूद्रांच्या मुक्तीसाठी तो कित्ता गिरवावा अशी इच्छा अर्पणपत्रिकेत लिहिली.